श्रवणप्रीतीकडून सहवासाकडे : गढ्याची आख्यायिका आणि मराठी प्रेमकादंबरी

जबलपूर नगराच्या विस्तारात आज पूर्णपणे सामावून गेलेले गढा हे एके काळी गोंड राजांच्या राजधानीचे ठिकाण होते. प्रचंड शिळेवर उभी असलेली मदनमहालाची छोटेखानी वास्तू त्या काळाची साक्ष आजही देते. मराठी लेखनात हा प्रदेश ‘गढामंडळ’ या जोडनावाने येतो. १७४२ मधील पेशव्यांच्या मंडला-स्वारीपासून १८१८ पर्यंत मराठी सत्तेचा त्याच्याशी कमीअधिक संबंध राहिला. या भूमीशी निगडित असलेली सर्वांत प्रसिद्ध प्रेमकथा म्हणजे संग्रामशाहाचा पुत्र दलपतशाह आणि चंदेल राजकन्या दुर्गावती यांची. मैत्रीचे रूपांतर प्रेमात होते, असे दाखविणाऱ्या तरुणांच्या सोज्ज्वळ कादंबऱ्यांचा विचार मराठीच्या संदर्भात करावयाचा झाला, तर या कथेपासून आरंभ करणे सोयीचे ठरते. कारण त्या कथेत जे नाही, नेमके तेच निर्माण करण्यासाठी मराठी कादंबरीला दीर्घकाळ झटावे लागले.

दुर्गावतीच्या विवाहाची हकीकत दोन अगदी भिन्न स्वरूपांत उपलब्ध आहे. अकबराच्या दरबारचा इतिहासकार अबुल फजल याने ती व्यवहाराच्या भाषेत सांगितली आहे. त्याच्या मते गढ्याचे घराणे कुळाने उणे, पण धनाने संपन्न होते. चंदेल राजाला मात्र वाईट दिवस आले होते, आणि म्हणून त्याने आपली कन्या दिली. या वृत्तान्तात वधूच्या मनाला कोठेही जागा नाही. १८३७ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात कर्नल स्लीमनचा गढामंडळच्या राजांचा इतिहास प्रसिद्ध झाला, त्यात हीच हकीकत निराळ्या रंगात येते. दलपतशाहाने मागणी घातली. ती आधी ठरलेल्या संबंधाच्या आणि जातीच्या उणेपणाच्या सबबीवर नाकारली गेली. परंतु दलपतशाहाचे देखणेपण आणि त्याच्या पित्याची कीर्ती यांमुळे दुर्गावतीचे मनही त्याच्याकडे ओढले गेले होते. मला सोडून तरी द्या, नाहीतर बळाने घेऊन तरी जा, असे तिने त्याला सुचविले. तो सैन्यासह चालून आला, विजयी झाला आणि तिला सिंगोरगडावर घेऊन गेला.

या दोन हकीकतींतील खरी कोणती, हा प्रश्न इतिहाससंशोधकांचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटते ती दुसऱ्या हकीकतीची घडण. वराची कीर्ती कानी येणे, त्या कीर्तीवर मन बसणे, वडीलधाऱ्यांचा विरोध, दुसऱ्या वराशी ठरलेला संबंध, वधूने गुप्तपणे धाडलेला निरोप आणि अखेर रणांगणातून झालेले हरण ही सगळी मांडणी मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. ती रुक्मिणीची कथा आहे. विदर्भातील कौंडिण्यपूरच्या या राजकन्येचे आख्यान महानुभाव कवी नरेंद्राने गायिले, एकनाथांनी १५७१ मध्ये काशीस पूर्ण केलेल्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’ने ते घरोघरी पोचविले, आणि ज्या मुलींची लग्ने जमत नसत त्यांनी त्याचे पारायण करावे, अशी प्रथाच पुढे पडली. नळाचे गुण हंसाच्या मुखातून ऐकून त्याच्यावर अनुरक्त होणारी दमयंती हीसुद्धा विदर्भाचीच. तिला रघुनाथपंडिताने मराठीत अजरामर केले. गढ्याच्या राणीची प्रेमकथा लोकांनी सांगितली, ती याच साच्यात ओतून.

संस्कृत साहित्यशास्त्राने या अवस्थेला ‘पूर्वराग’ असे नाव दिले असून त्याची कारणे श्रवण आणि दर्शन अशी सांगितली आहेत. दर्शन प्रत्यक्ष असेल, चित्रातले असेल किंवा स्वप्नातलेही असेल. या यादीत सहवासाचा उल्लेख नाही. एकमेकांशी बोलून, मतभेद होऊन, एकमेकांचे दोष पाहून आणि तरीही एकमेकांची ओढ वाटून जे प्रेम जन्मास येते, त्याला पूर्वरागाच्या शास्त्रात स्थान नाही. याचा अर्थ आपल्या परंपरेला स्त्रीपुरुषांतील सख्य ठाऊकच नव्हते, असा मात्र नाही. सप्तपदीतील सातवे पाऊल सख्यासाठीच टाकले जाते. विदर्भाशी नाते सांगणाऱ्या भवभूतीने काळाच्या ओघात परिपक्व होणाऱ्या दांपत्यस्नेहाला काव्यात अत्युच्च स्थान दिले. फरक आहे तो क्रमाचा. सख्य यावयाचे ते विवाहानंतर. विवाहविधीतच ते मागितले जाते, म्हणजे त्याआधी ते असण्याची अपेक्षा नाही. आधी सख्य, मग प्रेम आणि त्यानंतर विवाह, असा क्रम लावणे ही आधुनिक कादंबरीची कामगिरी होय. मराठीत हा बदल कल्पनेतल्या क्रांतीने एका रात्रीत झाला नाही. समाजस्थितीने पावलोपावली त्याची वाट अडविली.

१८५७ मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली, त्यानंतर १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. यांपैकी शेवटच्या दोन अद्भुतरम्य कादंबऱ्यांत नायकनायिकांचे प्रेम जुन्याच मार्गाने चालते : रूपाचे दर्शन, विरह, संकटे आणि पुनर्मीलन. त्यांच्या लेखकांना सहवास रंगविता येत नव्हता, असे मानण्यापेक्षा रंगविण्यासारखा सहवास त्यांच्या भोवतीच्या जगात नव्हता, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. आठव्या-नवव्या वर्षी मुलीचे लग्न होत असता तिच्या आयुष्यात विवाहपूर्व मैत्रीला वाव तरी कोठे होता? ‘यमुनापर्यटना’त यमुना आणि तिचा पती विनायक प्रवास करतात, विधवांची दुःखे पाहतात आणि त्यांविषयी बोलतात. मराठी कादंबरीतला स्त्रीपुरुषांचा पहिला खरा संवाद हा असा पतिपत्नींचा संवाद आहे. जगाकडे दोघांनी मिळून पाहणे हे मैत्रीचे प्रमुख लक्षण त्यात आहे. ते अवतरले आहे मात्र लग्नाच्या चौकटीत.

हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये हेच सूत्र कितीतरी समर्थपणे येते. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून ही कादंबरी क्रमशः वाचकांपुढे आली. यमू आणि रघुनाथराव यांचा मुंबईतील संसार हा तिच्यातील थोडा, पण सर्वांत प्रकाशमान भाग होय. पती पत्नीला शिकवितो, पत्नी वाचू लागते, आणि त्या शिकण्याशिकविण्यातून दोघांत खेळीमेळीचे नाते तयार होते. प्रत्यक्ष जीवनातही त्या काळी हेच घडत होते. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये झाला, तेव्हा त्या अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या आणि न्यायमूर्ती त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त या विषम जोडप्याचे नाते पाटीपुस्तकापासून कसे वाढत गेले, ते दिसते. तथापि या सख्यात एक मूलभूत उणीव आहे. त्यात एक गुरू आहे आणि दुसरी शिष्या. मैत्रीला लागणारी समान भूमी तेथे नाही. जी समता आहे ती गुरूच्या उदारपणातून आलेली आहे. यमूच्या वाट्याला वैधव्य येताच हे दान किती सहज हिरावून घेतले जाते, हे हरिभाऊंनी दाखविले, आणि त्या कादंबरीची खरी भेदकता तेथेच आहे.

हरिभाऊंनी यापुढचे पाऊलही टाकून पाहिले. ‘मी’ या कादंबरीतील भाऊ आणि सुंदरी यांचा परिचय लग्नाच्या गाठीवाचून वाढतो. विचारांची देवाणघेवाण, परस्परांविषयीचा आदर आणि त्याखालून वाहणारी उत्कट ओढ हे सारे त्यात आहे. मैत्रीतून प्रेमाकडे जाणारी वाट मराठी कादंबरीला येथे प्रथमच स्पष्ट दिसली; परंतु ती वाट लग्नापर्यंत गेली नाही. भाऊ लोकसेवेसाठी अविवाहित राहण्याचे व्रत घेतो. त्यागाची ही परिणती त्या काळच्या ध्येयवादाला साजेशी आहे हे खरे, पण ती केवळ ध्येयवादातून आली काय, असा प्रश्न विचारण्यासारखा आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहा वर्षांवरून बारा वर्षांवर नेली, एवढ्यावरून महाराष्ट्रात केवढे रण माजले होते! अशा समाजात स्वतःच्या बुद्धीने सोबती निवडणाऱ्या प्रौढ मुलीचा सुखी संसार रंगविणे कादंबरीकाराला दुष्कर होते. त्याग हा तेथे आदर्श होता, तसाच सुटकेचा मार्गही होता.

त्यानंतरच्या पिढीत परिस्थिती पालटू लागली. १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या मुलींच्या हायस्कुलातून, म्हणजे हुजूरपागेतून, शिकून बाहेर पडलेल्या मुली घरोघर दिसू लागल्या. १९१६ मध्ये महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ सुरू झाले. वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’ने (१९१५) या बदलाला वैचारिक रूप दिले. तिचे दुसरे नाव ‘काव्यशास्त्रविनोद’ असे आहे, ते अर्थपूर्ण आहे. येथे माणसे बोलतात, वाद घालतात, चुकतात, मत बदलतात. पतीच्या ठायी लीन होऊ पाहणारी रागिणी आणि समान हक्काची भाषा बोलणारी उत्तरा या दोन मैत्रिणींच्या द्वंद्वातून स्त्रीपुरुषसंबंधांची चिकित्सा होते. पुढे ‘इंदू काळे व सरला भोळे’मध्ये (१९३४) वामनरावांनी पत्ररूप स्वीकारले. पत्रात दोन व्यक्ती समान पातळीवर येतात. लिहिणाऱ्याला आपली बाजू मांडण्याची मुभा असते आणि वाचणाऱ्याला उत्तर देण्याची. वामनरावांच्या कथानकांत रंजकता कमी, चर्चा अधिक, हा आक्षेप जुना आहे. परंतु तरुण स्त्रीपुरुषांनी एकमेकांशी बोलणे यातच काही मूल्य आहे, ही जाणीव मराठी कादंबरीला त्यांनी दिली, हे विसरून चालणार नाही.

ही जाणीव ना. सी. फडके यांनी लोकप्रिय केली आणि तिचा कसही उतरविला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील या प्राध्यापकाने ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९) इत्यादी कादंबऱ्यांतून सुशिक्षित मध्यमवर्गीय तरुणतरुणींना एकत्र आणले. महाविद्यालय, टेनिसचे मैदान, सहल, आगगाडीचा डबा ही त्यांच्या कादंबऱ्यांतील भेटीची ठिकाणे त्या काळच्या वाचकाला आपल्याच आयुष्याच्या उंबरठ्यावर उभी असल्यासारखी भासली. १ एप्रिल १९३० पासून शारदा कायदा अमलात आला, मुलीच्या विवाहाचे वय चौदा झाले, आणि सुशिक्षित वर्गात तर ते त्याही पुढे सरकले होते. बालपण आणि संसार यांच्या मध्ये तारुण्याचा एक मोकळा अवधी प्रथमच मिळाला. त्या अवधीचे चित्रकार फडके झाले. त्यांची भाषा प्रसन्न होती, शृंगारही मर्यादेतला होता. म्हणून त्यांची कादंबरी घरात सर्वांसमक्ष वाचता येई. १९३० मध्ये निघालेले ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये निघालेले ‘मनोहर’ ही किर्लोस्करांची मासिकेही याच नव्या तरुण वाचकवर्गाच्या बळावर उभी राहिली.

परंतु फडक्यांच्या कादंबरीत मैत्रीला स्वतःचे असे आयुष्य नसते. पहिल्या भेटीतच वाचकाला शेवट कळलेला असतो. ज्याला मैत्री म्हणावयाचे ती त्या शेवटापर्यंत नेणारी जिन्याची पायरी असते. ‘प्रतिभासाधन’कारांच्या तंत्रात गैरसमजाचे महत्त्व मोठे, कारण त्यावाचून गुंतागुंत होत नाही. आता, खरी मैत्री म्हणजे गैरसमज बोलून दूर करण्याची शक्ती. ज्या कथानकाची उभारणीच न बोललेल्या गोष्टींवर होते, त्यात मैत्री टिकणार कशी? तेथे पूर्वरागाचेच शास्त्र नव्या पोशाखात वावरते. हंसाच्या जागी टेनिसची रॅकेट आली, एवढेच.

या सोज्ज्वळ जगाला पहिला धक्का एका स्त्रीने दिला. १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने मालती बेडेकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. शिकलेल्या, मिळवत्या, पण अविवाहित राहिलेल्या मुलींची ही मनोगते होती. मुलगी शिकली, नोकरी करू लागली, तरी तिची मिळकत घराला हवी असते, तिचे वय वाढते, आणि परिचयाच्या पुरुषाशी मोकळेपणाने बोलणेही तिच्या बदनामीला कारण होते, हे तिने सांगितले. मैत्रीतून प्रेम फुलण्यास भेटीची जागा पुरेशी नसते. त्या मैत्रीची किंमत दोघांनाही सारखीच मोजावी लागली पाहिजे. ज्ञानकोशकार केतकरांनी हाच प्रश्न समाजशास्त्राच्या अंगाने हाताळला. १९२६ मध्ये ‘गोंडवनातील प्रियंवदा’ या नावातच त्यांनी या भूमीला स्थान दिले, आणि १९३० मधील ‘ब्राह्मणकन्या’त कालिंदीला जातीच्या कुंपणाबाहेर नेऊन अखेर कामगार चळवळीतील रामरावाशी तिची गाठ घातली. केतकरांची कला ओबडधोबड असली, तरी प्रेमापूर्वी समान कार्य असू शकते, ही गोष्ट त्यांना फडक्यांहून अधिक स्पष्ट दिसली.

आश्चर्याची गोष्ट अशी की, मराठी कादंबरी ज्याच्या शोधात होती ते त्याच काळात प्रत्यक्ष जीवनात घडत होते, आणि तेही जबलपूर ज्या मध्यप्रांतात होते त्याच प्रांताच्या राजधानीत, म्हणजे नागपुरात, पुढे संसार थाटणाऱ्या दोघांच्या बाबतीत. आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, आणि कुसुम जयवंत यांचा परिचय पुण्यात विद्यार्थिदशेत झाला. जात निराळी, घरे निराळी. मध्ये कुसुमताईंचा इंग्लंडमधील शिक्षणाचा काळ. वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहारानंतर १९२९ मध्ये त्यांचा विवाह झाला. ती पत्रे ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२ मध्ये, कुसुमावतींच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी आपली पुस्तके, आपली मते, आपली भीती एकमेकांपुढे मांडीत प्रेमापर्यंत पोचतात, हे त्या पत्रांनी दाखविले. आणि या कुसुमावती देशपांडे म्हणजेच ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ या ग्रंथाच्या कर्त्या, साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा. मराठी कादंबरीची चिकित्सा करणाऱ्या या समीक्षिकेजवळ त्या कादंबरीला न साधलेले एक कथानक स्वतःच्या पेटीत होते.

स्वातंत्र्योत्तर काळात वाचनालयांच्या जोरावर प्रेमकादंबरीचा मोठा पूर आला. त्याबरोबर ‘तरुणांनी काय वाचावे’ हा वाद न्यायालयापर्यंत गेला. १९६२ मधील एका दिवाळी अंकात आलेल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. उच्च न्यायालयाने दोषी ठरविले, पण १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष मुक्त केले. असे प्रसंग वाचल्यानेच कोवळ्या वयाचे वाचक बिघडतील असे खात्रीने म्हणता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. या खटल्याने एक गोष्ट उघड केली. सोज्ज्वळपणा आपल्याकडे मुख्यतः वर्ज्य काय, यावरून मोजला गेला. स्पर्श किती, चुंबन किती. नात्यातील सचोटी, परस्परांचा मान, नकार ऐकून घेण्याची शक्ती यांवरून तो क्वचितच मोजला गेला.

सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ने (१९८२) महाविद्यालयाच्या कट्ट्याला कादंबरीत प्रतिष्ठा दिली आणि अनेक पिढ्यांतील तरुणांनी ती आपली मानली; परंतु तिच्यातही मैत्रीचा खरा भार मुलांच्या टोळीवर आहे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) या दृष्टीने अधिक सूक्ष्म आहे. आणीबाणीच्या काळातील एका गावची शाळा, नववीतला जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर. मुले आणि मुली एकाच वर्गात बसतात, पण एकमेकांशी बोलणे हाच तेथे अपराध. म्हणून या प्रेमाची बरीचशी वाटचाल नजरेवर आणि ऐकीव बातम्यांवर होते. जी थोडी बोलणी घडतात ती म्हणूनच एवढी मौल्यवान ठरतात. शिरोडकर अखेर गाव सोडून जाते. जोशीच्या हाती प्रेम तर लागत नाहीच, पण होऊ शकली असती अशी मैत्रीही हरवते, आणि वाचकाला दुसरी हानी पहिलीहून मोठी वाटते. पूर्वरागाचे जुने शास्त्र एकविसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या कादंबरीतही अद्याप जिवंत आहे. मात्र बोकील त्याचा गौरव करीत नाहीत, ते त्यातील वंचना दाखवितात.

या सर्व इतिहासाकडे पाहता मराठी प्रेमकादंबरीचे यश आणि अपयश एकाच ठिकाणी दिसते. श्रवण आणि दर्शन यांच्या जागी सहवास आणण्याचे सामर्थ्य तिने मिळविले. पण तो सहवास बहुधा प्रेम जुळेपर्यंतच टिकला. विवाहाची अक्षता पडताच कादंबरी संपते आणि मैत्रीचे पुढे काय झाले, ते कोणी विचारीत नाही. वास्तविक मैत्रीतून आलेल्या प्रेमाची परीक्षा त्यानंतरच सुरू होते.

गढ्याच्या कथेतही हीच पोकळी आहे. दुर्गावतीचा विवाह १५४२ च्या सुमारास झाला, दलपतशाहाचा मृत्यू १५५० च्या सुमारास. त्यानंतर अल्पवयीन पुत्राच्या नावाने तिने राज्य चालविले आणि २४ जून १५६४ रोजी, असफखानाच्या सैन्याशी लढताना, शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा तिने मरण पत्करले. विवाह कसा झाला, याच्या दोन हकीकती आहेत; ती कशी मेली, हे सर्वांना पाठ आहे. मधल्या आठ वर्षांविषयी मात्र आख्यायिका मूक आहे. ज्या स्त्रीने पुढे एवढे राज्य सांभाळले, तिच्याशी तिच्या पतीने राज्यकारभाराविषयी काही बोलणे केले असेल काय, दोघांत मतभेद होत असतील काय, शिकारीला ती दोघे बरोबर जात असतील काय? बाण आणि बंदूक यांतील तिच्या कौशल्याची वाखाणणी अबुल फजलसारख्या परपक्षाच्या लेखकानेही केली आहे. त्या कौशल्याला घरात सोबती होता की नाही, हे कोणी नोंदविले नाही. इतिहासाला त्याची गरज भासली नाही आणि लोककथेला ते सुचले नाही. ती आठ वर्षे लिहिता येणे हीच मैत्रीतून उमलणाऱ्या प्रेमाच्या कादंबरीची खरी कसोटी आहे, आणि मराठीत ती पूर्णपणे उतरावयाची अजून बाकी आहे.